पहिलीच्या वर्गाला पाहुणी बाई नको

प्रति,
परदेशी मिशन शाळांत शिक्षक, धर्मभगिनी आणि स्वयंसेवक पाठवणाऱ्या महाराष्ट्र-गोव्यातल्या सर्व धर्मसंघांचे व संस्थांचे प्रमुख

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम नमस्कार.

मी झांबियाच्या ईस्टर्न प्रॉव्हिन्समधल्या एका मिशन शाळेत लहान मुलांना शिकवते. त्याआधीची माझी सगळी नोकरी वसई तालुक्यात, मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत झाली. हे पत्र एखाद्या संस्थेला खासगीत लिहिता आलं असतं. पण जे सांगायचं आहे ते कमीअधिक प्रमाणात आपल्या सगळ्यांनाच लागू आहे, म्हणून उघड लिहिते.

माझी मागणी अशी. ज्या व्यक्तीला मुलांची भाषा येत नाही तिला पहिली-दुसरीच्या वर्गावर एकटीला उभं करू नका. आधी भाषा शिकू द्या, मग इथल्या शिक्षिकेच्या हाताखाली काम करू द्या. आणि तीन वर्षांपेक्षा कमी मुदतीसाठी कुणाला लहान मुलांच्या वर्गावर पाठवूच नका.

सध्या काय होतं ते आपल्यापैकी बऱ्याच जणांना फोटोंवरून कळत नसणार. इथलं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं. त्याच सुमारास आपल्याकडची एखादी उत्साही मुलगी तीन-चार महिन्यांसाठी येते. ती मनापासून आलेली असते, हे मी पहिल्यांदा सांगते. चांगलं इंग्रजी येतं म्हणून तिला पहिलीचा वर्ग मिळतो. वर्गात साठ-सत्तर मुलं. पहिलीच्या वयाहून मोठी, आठ-नऊ वर्षांची मुलंही बसलेली असतात. ती अभिनय करून गाणी शिकवते आणि मुलं कडाडून म्हणतात. फळ्यावर वाक्य लिहून काठी फिरवली की सगळा वर्ग एका सुरात वाचतो. पाहणाऱ्याला वाटतं, मुलं इंग्रजी वाचायला लागली.

मग त्याच वाक्यातला मधला एक शब्द पुसून खाली वेगळा लिहावा आणि एकेका मुलाला विचारावं. मुलं फळ्याकडे बघतच नाहीत, बाईंच्या तोंडाकडे बघतात. पुस्तकाचं पान तोंडपाठ असतं, चित्र झाकलं की वाचन थांबतं. एप्रिलमध्ये सत्र संपतं, मुलगी परत जाते, मेमध्ये दुसरी येते आणि पुन्हा पहिल्या गाण्यापासून सुरुवात होते. वर्षअखेरीला त्या मुलांना गाणी येत असतात, अक्षर येत नसतं. ज्या लहानगीची आई शेतातून संध्याकाळी परतते आणि जिच्या घरी छापील कागद म्हणजे फक्त खताच्या पोत्यावरचा, तिला हे वर्ष पुन्हा कुणी भरून देत नाही.

या भागाची शाळेची भाषा चिन्यांजा. मलावीत तिलाच चिचेवा म्हणतात. आपल्याकडच्या शिक्षिकांना कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते की ही भाषा मराठी माणसाला शिकायला सोपी जाईल अशी आहे. लिपी रोमन, पण एका अक्षराचा उच्चार बहुधा एकच. स्वर पाच. म, मे, मि, मो, मु असे तुकडे पाडून शिकवतात, अगदी आपल्या बाराखडीसारखे. 'मासो' म्हणजे डोळे, 'मोटो' म्हणजे विस्तव, 'मुंडा' म्हणजे शेत, 'मिंबा' म्हणजे पोट. चारही गोष्टी मुलाला शाळेत येण्याआधीपासून माहीत असतात. एवढ्यावर दोन आठवड्यांत मूल स्वतः शब्द जोडू लागतं, आणि ज्या दिवशी ते न शिकवलेला शब्द एकट्यानं वाचतं त्या दिवशी त्याचा चेहरा बघायला मिळावा म्हणून मी या वयात इथे राहिले आहे.

आणखी एक गोष्ट. चिन्यांजात प आणि फ, त आणि थ, क आणि ख वेगळे आहेत, तेही आपल्यासारखेच. सकाळी शाळेत मुलांना पेज मिळते, तिला 'फाला' म्हणतात. हा फ ओठ मिटून, श्वास सोडून म्हणायचा, आपली आजी 'फळ' म्हणायची तसा. स्पेलिंगमध्ये पी-एच दिसलं की इंग्रजीत मुरलेली बाई दातावर ओठ ठेवून वेगळाच उच्चार करते आणि मुलं गोंधळतात, कारण तो आवाजही त्यांच्या भाषेत आहे आणि त्याला वेगळं अक्षर आहे. मराठी कानाला हा फरक आपोआप ऐकू येतो. म्हणजे इंग्रजी येणं ही ज्या शिक्षिकेची पात्रता आपण धरतो, तिच्याकडे याहून उपयोगाचं काहीतरी होतं आणि आपण ते विचारलंच नाही.

उलट बाजूही बघा. चिन्यांजात र आणि ल हे दोन वेगळे आवाज मानले जात नाहीत. लिहिताना इ किंवा ए या स्वरांनंतर र येतो, बाकी ठिकाणी ल. त्यामुळे मूल इंग्रजी लिहायला लागलं की 'रोड'चा 'लोड' होतो. ज्या बाईंना हे ठाऊक नाही त्या लाल फुली मारतात, दहादा लिहून आणायला सांगतात आणि मूल मंद आहे असं शेरापुस्तकात लिहितात. इथली शिक्षिका ही चूक बघून नुसती मान हलवते आणि र-ल वेगळे ऐकायचा खेळ घेते. तिला प्रशिक्षण आहे म्हणून जमतं, आणि ती स्वतः त्याच रस्त्यानं गेली आहे म्हणूनही.

कुणी म्हणेल की ही एका बाईची आवड झाली. तसं नाही, या देशानं याची मोठी किंमत मोजून परीक्षा घेतली आहे. झांबिया १९६४ मध्ये स्वतंत्र झाला. देशात सुमारे बहात्तर भाषा, म्हणून एकीसाठी १९६६ मध्ये पहिलीपासून इंग्रजी माध्यम स्वीकारलं गेलं. हेतू चांगलाच होता. पण तीस वर्षांनी दिसलं ते असं की वरच्या वर्गात पोचलेल्या असंख्य मुलांना कुठल्याच भाषेत नीट वाचता येत नाही. १९९६ च्या शैक्षणिक धोरणानं दिशा बदलली. १९९८ मध्ये उत्तरेत कासामा इथे बेम्बा भाषेतून वाचन शिकवण्याचा प्रयोग झाला, पहिलीची मुलं वर्षभरात वाचू लागली, मग तो सात प्रादेशिक भाषांत नेला गेला. २०१४ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमानं पहिल्या चार इयत्तांचं माध्यमच स्थानिक भाषा केलं आणि पाचवीपासून इंग्रजी. आराखडे पुढेही बदलतील, राजकारण इथेही आहे. पण आपली स्वयंसेविका जेव्हा पहिलीच्या वर्गात फक्त इंग्रजीतून शिकवते, तेव्हा या देशानं तीस वर्षं भोगून सोडलेली वाट ती पुन्हा धरते. आणि तिला ते सांगणारं कुणी नसतं, कारण मुख्याध्यापकांना वाटतं पाहुण्यांना कसं बोलावं.

पालकांचं मी लपवणार नाही. पालकांना इंग्रजीच हवं आहे. सातवीची परीक्षा इंग्रजीत, नोकरीचा अर्ज इंग्रजीत, दवाखान्यातला कागद इंग्रजीत. मक्याची पोती विकून मुलाचा गणवेश घेणारा बाप मला विचारतो, आमची भाषा तर तो घरी शिकतोच, तुम्ही इतक्या लांबून आलात त्या इंग्रजी शिकवायला ना? हा प्रश्न मी वसईतही ऐकला आहे. तिथे मला त्याचं उत्तर देणं सोपं होतं. माझ्या पिढीला पाचवीपर्यंत इंग्रजीचं अक्षर दिसलं नव्हतं, महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. तरी त्या मराठी शाळांतून निघालेली माणसं बँकांत, जहाजांवर, आखातात गेली आणि आज आपल्या संस्थाही चालवतात. इथल्या बापाला मी हेच सांगते, पण माझ्या बोलण्यानं फारसं होत नाही. ज्याचा मोठा मुलगा आधी चिन्यांजा आणि मग इंग्रजी वाचायला शिकला, तो शेजारी बोलला की पटतं. म्हणून पालकसभेत मी मागे बसते आणि त्या शेजाऱ्याला पुढे बसवते.

आपल्याला हे समजायला खरं तर लांब जायला नको. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलतात. शाळेत पुस्तकी मराठी आली तेव्हा आपणही गांगरलो होतो, आणि ज्या बाई मधूनच आपल्या बोलीत एखादं वाक्य बोलत त्यांच्याच वर्गात हात वर करायचा धीर होई. इथेही तोच पेच आहे. प्रांताची शाळेची भाषा चिन्यांजा, पण लुंडाझीकडची मुलं घरी तुंबुका बोलतात, पेटाउकेची न्सेंगा. पुस्तकातल्या चिन्यांजापासून घरातल्या न्सेंगापर्यंतचं अंतर बाहेरून आलेल्या माणसाला दिसतसुद्धा नाही. ते ओलांडून नेणारी शिक्षिका त्याच गावची लागते. मी इतका काळ राहूनही ते करू शकत नाही, माझी चिन्यांजा पुस्तकाची आहे. मुलं आजही मला प्रेमानं 'म्वेन्ये' म्हणतात. भारतीय माणसाला इथे हाच शब्द आहे, चिपाटातल्या जुन्या गुजराती दुकानदारांमुळे रुळलेला.

मिशनच्या कामाचा आपला स्वतःचा इतिहासही हेच सांगतो. इंग्लंडचे थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले, त्यांचं मराठीतलं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापून झालं. मधली सदतीस वर्षं ते लोकांमध्ये राहत होते, ऐकत होते. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई १८२७ मध्ये मुंबईला आली. तिला मुलींच्या शाळा काढायच्या होत्या, त्यासाठी ती मराठी शिकली, पुढे अहमदनगरला गेली आणि १८६२ मध्ये तिथेच वारली. तिच्या शाळा बघून जोतीराव फुल्यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली आणि सावित्रीबाईंनी तिच्याकडे प्रशिक्षण घेतलं, हे आपण दर ३ जानेवारीला भाषणात सांगतो. त्या भाषणात फरारबाई नगरला किती वर्षं राहिल्या हेही सांगायला हवं. आपल्या आजीच्या आजीला तिच्या भाषेत अक्षरओळख करून देण्यासाठी कुणी इतकं केलं, आणि आता आपली पाठवायची पाळी आली तर आपण एका सत्राचा व्हिसा काढून देतो. हे मला फार लागतं.

झांबियातसुद्धा हीच परंपरा आहे आणि ती फक्त गोऱ्यांची नाही. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष केनेथ काउंडा १९२४ मध्ये लुब्वा मिशनवर जन्मले. त्यांचे वडील डेव्हिड काउंडा शेजारच्या न्यासालँडमधून, म्हणजे आजच्या मलावीतून, बेम्बा मुलखात शिक्षक आणि प्रचारक म्हणून आले होते. तेही परदेशीच. पण ते तिथे रुजले, आणि त्यांचा मुलगा पुढे त्याच मिशनच्या शाळेत शिकवू लागला. परदेशी शिक्षकाला माझा विरोध नाही, मी स्वतः तीच आहे. मला येऊन लगेच जाणाऱ्यांविषयी बोलायचं आहे.

आता एक नाजूक गोष्ट. आपण ख्रिस्ती शाळेत शिकवतो, प्रार्थनेनं दिवस सुरू करतो, बायबलच्या गोष्टी सांगतो, आणि त्याबद्दल मला कसलाही संकोच नाही. पण हा चेवा लोकांचा मुलूख आहे. डच रिफॉर्म्ड चर्चच्या मिशनऱ्यांनी १८९९ मध्ये माग्वेरोला ठाणं घातलं त्याच्या कितीतरी आधीपासून इथे गुले वामकुलू हे मुखवट्यांचं नृत्य चालत आलं आहे. अंत्यविधीला, दीक्षाविधीला ते होतं. जुन्या काळी मिशन आणि हे नृत्य करणारी न्याउ मंडळी यांचा उघड झगडा होता आणि त्यात शाळेतली मुलं दोन्हीकडून ओढली गेली. २००५ मध्ये युनेस्कोनं या नृत्याचा मानवजातीचा वारसा म्हणून गौरव केला, आज चेवा समाजातले बरेचसे लोक चर्चलाही जातात आणि घरच्या अंत्यविधीला मुखवटेही येतात. नवी आलेली स्वयंसेविका हे बघून घाबरते. मग वर्गात सात वर्षांच्या मुलासमोर बोलून जाते की हे सैतानाचं काम आहे. त्या मुलाचा काका कदाचित कालच मुखवटा घालून नाचला असेल. दुसऱ्या दिवशी मूल शाळेत येत नाही. धर्माचा निवाडा मोठ्यांनी मोठ्यांशी करावा, पहिलीच्या मुलाला त्याच्या काकाविरुद्ध साक्षीला उभं करू नये. पाठवण्याआधी निदान इतकं तरी शिकवून पाठवा.

फोटोंविषयी थोडक्यात. मुलांचे चेहरे दाखवून देणगी मागणं बंद करा. आपल्या शाळेत बाहेरच्या कुणी येऊन आपल्या मुलांना फाटक्या कपड्यांत उभं करून फोटो काढले असते तर आपण गेटवरच अडवलं असतं. आणि मुलांमध्ये काम करायला येणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी झालेली असावी. ओळखीची, देवभिरू घरातली मुलगी आहे, एवढं पुरेसं नाही.

पैशाचं मात्र सविस्तर बोलते. इथे शिकवायला माणसं नाहीत असा आपला समज आहे. २०२२ मध्ये सरकारनं माध्यमिकपर्यंत शिक्षण मोफत केलं, शाळांत मुलांचा लोंढा आला आणि त्याच वर्षी तीस हजारांवर शिक्षकांची भरती झाली. एवढी भरती होऊ शकली कारण शिक्षक-प्रशिक्षण घेतलेली माणसं वर्षानुवर्षं घरी बसून होती. अजूनही बसली आहेत. गावकऱ्यांनी चालवलेल्या शाळांत एखादी तरुणी कधी थोडे क्वाचा (इथलं चलन), कधी मक्याच्या पोत्यावर पहिलीचा वर्ग सांभाळते. तिला चिन्यांजा येते, न्सेंगाही येते, मुलाची आत्या-मावशी माहीत असते, पावसात नदीला पाणी आलं की कोणती मुलं येणार नाहीत हे तिला आकाशाकडे बघून कळतं. आपल्या एका स्वयंसेविकेच्या जाण्यायेण्याच्या तिकिटात तिचं कित्येक महिन्यांचं मानधन निघेल. आणि उरलेल्या पैशांत चिन्यांजातली गोष्टीची पातळ पुस्तकं घ्या. वर्गात वाचायला शिकलेल्या मुलाला घरी न्यायला पुस्तक नसतं, ही इथली सर्वांत मोठी उणीव आहे. जाड, गुळगुळीत कागदावरची इंग्रजी पुस्तकं कंटेनरमधून पाठवली जातात ती कपाटात राहतात, कारण खराब होतील म्हणून मुख्याध्यापक ती बाहेर काढत नाहीत.

मग आपली माणसं यावीत का? यावीत. मोठ्या वर्गांना गणित, विज्ञान, इंग्रजी शिकवणारे लागतात, तिथे माध्यम इंग्रजीच आहे आणि आपले शिक्षक तिथे फार उपयोगी पडतात. मूल पहिल्यांदा पूर्ण इंग्रजी वर्गात बसतं तेव्हा त्याला समजून घेणारा, स्वतः मराठीतून इंग्रजीत गेलेला शिक्षक मिळाला तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. आणि ज्यांना लहानांमध्येच काम करायचं आहे त्यांनीही यावं, पण पहिले सहा महिने शिकण्यासाठी. सकाळी वर्गात मागच्या बाकावर, दुपारी भाषा, रविवारी लोकांच्या घरी न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, खात. मोठ्यांना 'इनु' आणि बरोबरीच्याला 'इवे' कसं म्हणतात, दोन्ही हातांनी वस्तू का द्यायची, गुडघा टेकून नमस्कार करणाऱ्या मुलीला उत्तर काय द्यायचं, हे त्यातच कळतं. त्यानंतर स्थानिक शिक्षिका म्हणेल तेव्हा एखादा तास घ्यावा. कधी म्हणायचं ते तिनं ठरवावं, आपण इथे बसून नव्हे.

एक हिशेबाचा भाग राहिला. इथल्या मुलांना आकडे शिकवताना मी स्वतः इंग्रजी नावं वापरते, कारण चिन्यांजात सहा म्हणजे 'पाच आणि एक', सात म्हणजे 'पाच आणि दोन' असं लांबत जातं आणि बाजारात मोठी माणसंही आकडे इंग्रजीतच बोलतात. हे माझ्या सहशिक्षिकेनं ठरवलं. तिनं दोन्ही करून पाहिलं होतं: बाटल्यांची झाकणं पाचापाचानं मांडताना चिन्यांजा, पाटीवर लिहिताना इंग्रजी. मातृभाषेचा आग्रह म्हणजे हट्ट नव्हे हे आपल्याला कळावं म्हणून मुद्दाम लिहिलं. असले निर्णय रोज घ्यावे लागतात आणि ते घ्यायला त्या मुलांत वाढलेलं माणूस लागतं.

पुढच्या जानेवारीसाठी आपल्या बहुतेक संस्थांत नावं आत्ताच ठरत असतील. त्या यादीत पहिली-दुसरीसाठी कमी मुदतीची जी नावं असतील ती कृपया मागे घ्या, किंवा त्यांना तीन वर्षांसाठी विचारा. ज्या 'हो' म्हणतील त्यांना निघण्यापूर्वीच चिन्यांजाचे धडे सुरू करता येतील. ज्यांना शक्य नाही त्यांच्या तिकिटाचे पैसे गावच्या शिक्षिकेच्या मानधनाकडे कसे वळवायचे, याचा हिशेब मी इथल्या मुख्याध्यापकांशी बोलून लेखी पाठवीन. आपण लेखी उत्तर द्यावं अशी विनंती आहे, आणि ते उत्तर हे पत्र वाचणाऱ्या सर्वांना कळू द्यावं.

आपली,
वसईची एक प्राथमिक शिक्षिका
ईस्टर्न प्रॉव्हिन्स, झांबिया